हातमोजेवाल्याची बायको

"लग्नाचा परवाना काढ म्हणतोय मी," उकडलेल्या अंड्याच्या डोक्यावर चमचा आपटत लॉर्ड ओर्म्सली म्हणाले. "बिशपच्या कचेरीतून एक कागद आणायचा, ब्रिस्टॉलच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या चर्चमध्ये सकाळी जाऊन उभं राहायचं, की संपलं. लोकांना सांगू, आयर्लंडला मावशीकडे गेली. वर्षभरात कुणाला आठवणारही नाही की तू इथे होतीस."

"ते आत्ताही कुणाला आठवत नाही, पेरी," ड्रुसिला भावाला म्हणाली.

ती आईसमोर छोट्या चौरंगावर बसून आईच्या हातात हातमोजा चढवत होती. हे काम घाईचं नव्हतं. थोरल्या लेडी ओर्म्सलींची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. आधी अंगठा, मग करंगळी, मग मधली बोटं एकेक करून घालायची. सांध्यापाशी आलं की थांबायचं, आईच्या चेहऱ्याकडे बघायचं, चेहरा आक्रसला नाही तरच पुढे सरकायचं. शेवटी मनगटावर फीत बांधायची, ती घट्ट नको आणि सैलही नको. दासी या कामाला चार दिवसांत कंटाळत आणि ओढाताण करत, म्हणून कित्येक वर्षं ते ड्रुसिलाकडेच होतं.

"मोजेवाला!" लॉर्डसाहेबांनी पुन्हा सुरू केलं. घराण्याचं आडनाव एव्हरिल; ओर्म्सली ही पदवी वडील गेल्यावर त्यांच्याकडे आली होती आणि तिच्याबरोबर मोठ्याने बोलायची सवयही. "अगं, निदान एखादा वकील तरी बघायचास. पाद्री बघायचास. एनॉक पिंचिन! मिसेस पिंचिन म्हणून हाक मारतील तुला. पायातली वहाण पायातच बरी, ड्रुसिला."

"ते हातमोजे करतात. वहाणा नाही."

"विनोद पुरे!"

"बरं, मग सरळ सांगते. मी परवाना काढणार नाही. आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच बाकासमोर, तीन रविवार माझं नाव पुकारलं जाईल. आपल्या स्वयंपाकिणीचं पुकारलं तेव्हा ममांनी मान डोलावली होती. माझं पुकारल्याने काही छप्पर कोसळणार नाही."

गरिबांची लग्नं चर्चमध्ये पुकारून होतात. ज्यांच्या दारात गाडी-घोडे आहेत ते परवाना काढतात, कारण आपल्या लेकीचं नाव कुणा कोचवानाच्या नावानंतर भर सभेत वाचलं जावं, हे कुणाला रुचेल? बाथ शहराच्या वरच्या आळीत, जिथे ओर्म्सलींचं घर होतं, तिथल्या कुठल्याही मुलीचं नाव असं पुकारलं गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

फितीची गाठ बसेपर्यंत आईंनी वाट पाहिली.

"ड्रुसिला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "लग्न कर. पिंचिनशी कर नाहीतर चिमणी साफ करणाऱ्याशी कर. पण त्या चर्चमध्ये तुझं नाव त्या माणसाच्या नावाशेजारी एकदा जरी उच्चारलं गेलं, तर मला मुलगी नाही. रस्त्यात समोर आलीस तरी मी ओळखणार नाही. मी बोलते ते करते, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे, ममा."

माहीत होतंच. सख्ख्या बहिणीशी एका पंख्यावरून भांडण झालं, तर तिच्या प्रेतयात्रेला त्यांनी रिकामी गाडी पाठवली होती. ड्रुसिलाला आईची भीती वाटत नव्हती. आई आपल्याला सोडून देईल, याची वाटत होती. या घरात तिचं खरंखुरं काही असेल, तर ते रोज सकाळी तिच्या मांडीवर ठेवलेले ते दोन वाकडे हात होते.

ड्रुसिला देखणी नव्हती आणि कुरूपही नव्हती. लग्नाच्या बाजारात याहून वाईट काही नाही. कुरूप मुलीची निदान चर्चा तरी होते. शिवाय तिने तरुणपणी एक चूक केली होती. नाचघराचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: एका पुरुषाला नाही म्हटलं, की त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाबरोबर नाचायचं नाही, बसून राहायचं. ब्रँडीने दरवळणाऱ्या एका म्हाताऱ्या कर्नलला ती नाही म्हणाली. मग ज्याची ती महिनाभर वाट बघत होती तो तरुण हात पुढे करून आला, आणि त्यालाही तिला नाहीच म्हणावं लागलं. त्याने तिच्या चुलतबहिणीला नाचायला नेलं आणि पुढे चर्चमध्येही नेलं. त्या रात्रीनंतर ड्रुसिलाने नाही म्हणायचंच सोडून दिलं. चहा ओत, हो. जेवणाला तेरा माणसं झाली, चौदावी होऊन बस, हो. आत्याच्या कुत्र्याला फिरवून आण, हो. असं करता करता तिशी उलटून गेली.

ओर्म्सलींच्या घरचे हातमोजे पिंचिनच्या दुकानातून येत. थोरले पिंचिन वारल्यावर मुलगा एनॉक ड्रुसिलाच्या आईच्या हाताचं माप घ्यायला घरी आला. उंच, थोडासा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. आईचं माप झालं, टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "आणि मिस एव्हरिल, तुमचं?"

"माझं आहे की तुमच्याकडे."

"ते आमच्या वडिलांनी घेतलेलं, तुम्ही लहान होतात तेव्हाचं. हात वाढतो, बाईसाहेब."

तिने हात पुढे केला. नाचताना कितीतरी पुरुषांनी तिचा हात धरला होता, पण प्रत्येक वेळी मधे कातडं होतं. मोठेपणी उघडा हात हातात घेणारा हा पहिलाच पुरुष, आणि तो दुकानदार.

"ही करंगळी?"

"लहानपणी भिंतीवरून पडले होते. वाकडी बसली."

"मग मोज्यात दुखत असेल."

"दुखते."

"कधीपासून?"

"नेहमीच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," ड्रुसिला म्हणाली. तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, तसं होतं म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नवा जोड आला, डाव्या करंगळीला आतून थोडी जास्त जागा ठेवलेला. त्या संध्याकाळी ड्रुसिलाने पाहुण्यांना चहा ओतला आणि करंगळी दुखली नाही. ती खोलीत गेली, दार लावलं आणि रडली.

मग ती दुकानात जाऊ लागली. एका हिवाळ्यात एका बाईला हातमोजे लागून लागून किती लागतील? एनॉकची आत्या कीझाया मागच्या खोलीत शिवायला बसायची. तिने एकदा सुईतून मान वर न काढता विचारलंच, "एनॉक, या बाईसाहेबांना हात तरी किती आहेत रे?"

त्या दिवशी एनॉक कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बाकीचं गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही येऊ नका. लोक बोलायला लागलेत. तुमचं नुकसान होईल."

"आणि तुम्ही? तुम्हाला मी यायला नको आहे?"

"मला काय हवं ते विचारायचं नसतं, मिस एव्हरिल. तुम्ही कोण, मी कोण."

"तुम्ही विचारायचं नसतं ना? मग मी विचारते," ड्रुसिला म्हणाली, आणि लग्नाचं विचारलं. त्याच्या हातातली कात्री चामड्यावर पडली आणि लॉर्ड बिशपसाठी कापलेला अंगठा फुकट गेला.

आता त्याच एनॉकनेही परवान्याची बाजू घ्यावी, याचा तिला राग आला. नाश्त्याच्या टेबलावरून उठून ती थेट दुकानात आली होती.

"तुमचे भाऊ म्हणतात ते काही अगदीच चूक नाही," तो म्हणाला. "लग्न तेच, देवही तोच. आईंना कशाला दुखवायचं? मला चर्चमध्ये नाव ऐकायची हौस नाही."

"मला आहे."

"का पण?"

"मिस्टर पिंचिन, तुम्ही चांगलं चामडं आणता ते मागच्या दाराने आणता?"

"नाही. का?"

"मग मला का नेताय? मी काय चोरीचा माल आहे? मी गुपचूप ब्रिस्टॉलला गेले, तर उद्या सगळे म्हणतील, केलं काहीतरी लाजिरवाणं, म्हणून तोंड लपवून गेली. मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते का?"

एनॉकने टेप बोटाभोवती गुंडाळला. "दुकान बसेल," तो म्हणाला. "वरच्या आळीचं गिऱ्हाईक जाईल."

आतून कीझाया आत्याचा आवाज आला. "जाऊ दे की! थंडी काय वरच्या आळीलाच वाजते? आणि बाईसाहेब, तुम्ही इथे येणार असाल तर शिवायला शिका. चहा ओतून आमच्याकडे पोट भरत नाही."

"शिकेन," ड्रुसिला म्हणाली.

"सुई टोचते."

"टोचू दे."

"हिला घे रे," आत्या म्हणाली. "हिचं डोकं फिरलंय, पण हिला घे."

रविवारी ड्रुसिला नेहमीसारखीच घरच्या बाकात आईशेजारी बसली. या बाकाला पुढे छोटं दार होतं आणि दारावर ओर्म्सलींचं चिन्ह. मागे, खांबांच्या पलीकडे, फुकट बसायची लाकडी बाकं होती. तिथे नोकरमाणसं बसत. एनॉक आज तिथे बसला होता. त्याच्या खालच्या आळीच्या चर्चमध्येही आजच नाव वाचलं जाणार होतं, कारण दोघांच्याही धर्मग्रामात, म्हणजे आपापल्या चर्चच्या हद्दीत, पुकार व्हावी लागते; पण तिथली जबाबदारी त्याने आत्यावर सोपवली होती.

चर्चमध्ये हवा गार होती. तरीही आईंनी बोटं दुखतात म्हणून हातमोजे काढायला सांगितले होते. ते ड्रुसिलाच्या मांडीवर होते. ती त्यांच्यावरून अंगठा फिरवत होती. अजून वेळ होता. उठून जाऊन पाद्रीबाबांच्या कानात एक शब्द सांगितला असता, तर ते थांबले असते. ती उठली नाही.

पाद्रीबाबा डिमॉक म्हातारे होते आणि सगळं एकाच सुरात वाचत. त्यांनी आधी एका कोचवानाचं नाव वाचलं, मग एका धोबिणीचं, आणि मग त्याच सुरात, "याच धर्मग्रामातली ड्रुसिला मेरी एव्हरिल, कुमारिका, आणि सेंट ब्राइड धर्मग्रामातला एनॉक पिंचिन, अविवाहित. या दोघांच्या विवाहात काही न्याय्य अडथळा कुणाला ठाऊक असेल, तर त्याने तो सांगावा. ही पहिली पुकार आहे."

रेशमी झग्यांची सळसळ झाली. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये आपलं पूर्ण नाव ड्रुसिलाने पहिल्यांदाच ऐकलं. तिला ते चांगलं वाटलं.

तेवढ्यात लॉर्ड ओर्म्सली उभे राहिले. "माझी हरकत आहे!"

पाद्रीबाबांनी चष्मा वर केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी हरकत घेतल्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. "कारण, माय लॉर्ड?"

"कारण उघड आहे!"

"मला सांगावं लागेल, माय लॉर्ड. कन्या अल्पवयीन आहे का?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. "नाही," लॉर्डसाहेब म्हणाले.

"दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं आहे?"

"नाही."

"मग दोघांत रक्ताचं नातं आहे?"

"देव न करो!"

"मग, माय लॉर्ड?"

लॉर्डसाहेबांनी कोकराच्या पिवळ्या कातड्यातला हात हवेत उंचावला. तो हातमोजाही पिंचिनचाच होता. "तो हातमोजे विकतो!"

आधी धोबीण हसली, मग कोचवान, मग सगळी मागची बाकं. पुढच्या बाकांवरही दोन-चार पंखे तोंडापुढे आले. पाद्रीबाबा मात्र हसले नाहीत. "ते कायद्यात बसत नाही, माय लॉर्ड," ते गंभीरपणे म्हणाले. "मीही त्यांच्याकडूनच घेतो." आणि त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली. लॉर्डसाहेब खाली बसले. आपण जन्मभर या एका वाक्याने ओळखले जाणार, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

आई हलल्या नाहीत. त्यांनी शेवटची प्रार्थनाही शेवटपर्यंत म्हटली. मग उठायच्या आधी, रोजच्या सवयीने, त्यांनी दोन्ही हात ड्रुसिलासमोर धरले. ड्रुसिलाने हातमोजा उघडला. आईंनी हात पाहिले, हातमोजा पाहिला, आणि हात मागे घेतले. "पेरी," त्या म्हणाल्या, "गाडी आली का बघ."

बाहेर गारठा होता. चर्चच्या पायऱ्या उतरताना त्यांचे उघडे हात थंडीने लालबुंद झाले होते. सगळ्या बाथने ते पाहिले. ड्रुसिला दोन पायऱ्या मागे, त्यांचे हातमोजे हातात घेऊन उभी राहिली. गाडीचं दार लागलं तेव्हा आत तिला जागा नव्हती.

पुढचे दोन रविवार ती त्याच घरात राहिली, कारण पुकार संपेपर्यंत धर्मग्राम सोडून चालत नाही. तिने ओतलेला चहा आई पीत नसत. जेवताना मीठ हवं असलं तर पेरीला सांगत आणि पेरी बहिणीला सांगे. रोज सकाळी नवी दासी आईच्या खोलीतून रडवेली बाहेर येई. ड्रुसिला जिन्यात उभी राहून ऐके. आत जाण्याचा धीर तिला झाला नाही. मागे फिरायचा विचारही मनात आला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. रोज येई. रोज ती त्याला नाही म्हणे. एकदाच नाही म्हणून जिचं आयुष्य बसून गेलं, तिला आता या शब्दाची सवय होत होती.

लग्न झालं. माहेरचं कुणी आलं नाही. पाद्रीबाबा डिमॉक यांनी तिसऱ्या पुकारीच्या दिवशी तिचा हात दाबून "नवे मोजे चांगले बसले बरं का" एवढंच म्हटलं होतं, तोच आहेर समजायचा.

एनॉक म्हणाला होता तसं दुकान बसलं. वरच्या आळीच्या बायका तिच्यासमोरून जाताना अचानक आकाशाकडे बघू लागल्या. चिमण्यांच्या धुराने भरलेल्या आकाशात त्यांना एवढं काय दिसत होतं, देव जाणे. ड्रुसिला आधी मान लववायची. मग तिने ते सोडलं, कारण मान दुखायला लागली. कीझाया आत्याकडून ती शिवायला शिकली. बोटांना सुया टोचल्या, टाके उसवावे लागले, आणि एकदा एका ग्राहकाच्या हातमोज्यांना तिने दोन्ही अंगठे उजवीकडचे लावले. आत्या पोट धरून हसली. जहाजावरचे लोक, शाळामास्तर, वैद्य येऊ लागले. त्यांनाही हात असतात आणि तेही गारठतात. हळूहळू रोजची चूल पेटू लागली. संध्याकाळी एनॉक तिला "मिसेस पिंचिन" म्हणून हाक मारायचा, मुद्दाम मोठ्याने, आणि ती प्रत्येक वेळी ओ द्यायची. ती सुखी होती. पण सकाळी, सगळं आवरल्यावर, हातांना काही काम नसलं की तिला मांडीवरचे ते दोन हात आठवत आणि सुख थोडा वेळ बाजूला राही.

दुसऱ्या हिवाळ्यात एका गुरुवारी दुकानासमोर गाडी थांबली. दारावर ओर्म्सलींचं चिन्ह होतं. मोठ्या घरच्या बायका दुकानात उतरत नाहीत, दुकानदारानेच गाडीपाशी जायचं. गणवेशातला नोकर आत आला आणि दरवाजाच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "थोरल्या लेडी ओर्म्सलींना हातमोजे हवेत. माप घ्यायला या."

एनॉकने कोट चढवला. ड्रुसिलाने त्याच्या गळ्यातला टेप काढून घेतला.

"अगं पोरी," आत्या म्हणाली, "अपमान करील ती तुझा. भर रस्त्यात करील."

"करू दे," ड्रुसिला म्हणाली आणि बाहेर गेली.

आई गाडीत ताठ बसल्या होत्या, समोरच्या घोड्यांकडे बघत. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या.

"पिंचिनच्या दुकानातल्या बाई का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

जन्मभर त्यांनी तिला तू म्हटलं होतं. "हो, माय लेडी," ड्रुसिला म्हणाली. "मी मिसेस पिंचिन."

"माझे हातमोजे मला बसत नाहीत. दासी ओढते."

त्यांनी हात खिडकीतून बाहेर काढला. हातमोजा अर्धाच चढलेला होता आणि फीत नुसती लोंबत होती. ड्रुसिलाने तो काढला. एकेक बोट सोडवताना सांध्यापाशी थांबत होती, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा घोड्यांकडेच होता. सांधे आणखी सुजले होते आणि मधल्या बोटावर कातडी सोलली गेली होती.

"इथे दुखतं?"

"दुखतं."

"कधीपासून?"

घोड्याने पाय आपटला. "कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

ड्रुसिलाने टेप हाताभोवती गुंडाळला. मग तो सोडला. मग तोच जुना हातमोजा तिने हळूहळू परत चढवला: आधी अंगठा, मग करंगळी, मग मधली बोटं. फीत बांधली. गाठ बसली तरी हात तिच्या हातातच होता. रस्त्यावरून येणारी जाणारी माणसं बघत होती आणि या वेळी कुणी आकाशाकडे बघत नव्हतं.

"नवे तयार झाले की घरी पाठवून देऊ, माय लेडी?"

"नको. मीच येईन. पुढच्या गुरुवारी." आईंनी हात आत घेतला आणि मांडीवर ठेवला. "गाठ चांगली बसलीय, बाई." मग त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि गाडी निघाली.

ड्रुसिला दुकानात आली तेव्हा एनॉक कात्री आणि कातडं घेऊन तयार होता. आत्याही सुई सोडून उठली होती.

"काय म्हणाल्या?"

"पुढच्या गुरुवारी येणार आहेत."

"बरं. माप सांग."

ड्रुसिलाने हातातल्या टेपकडे पाहिलं. तो तिने आईच्या हाताभोवती गुंडाळला होता एवढं तिला आठवत होतं. त्यावरचा आकडा तिने पाहिलाच नव्हता.

"राहिलं," ती म्हणाली.

एनॉकने कात्री खाली ठेवली आणि कातड्याचा तो उत्तम तुकडा, वरच्या फळीवर, कुणी चुकून कापणार नाही अशा जागी उचलून ठेवला.